जीप, बाबा आणि तांब्याची नळी

चंद्रपुरात तुकूमला आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडखाली एक महिंद्रा एमएम ५४० उभी असते. नंबर एमएच ३३ चा, म्हणजे गडचिरोलीचा. पहिली नोंदणी फेब्रुवारी १९९४. ज्यांनी कधी आरटीओची पायरी चढलीय त्यांना पुढचा हिशोब लगेच कळेल. खाजगी गाडीला पहिली पंधरा वर्षं, मग दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. २००९ झालं, २०१४ झालं, २०१९ झालं. पुढची तारीख फेब्रुवारी २०२४. मी नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळीला घरी पोचलो तेव्हा गाडी दीड वर्षं बंद होती, पुढच्या डाव्या चाकातून ग्रीस गळून जमिनीवर काळा गोल झाला होता, आणि ताईने भंगारवाल्याकडून भाव काढून ठेवला होता. पंचेचाळीस हजार!

ताईचा मुद्दा सरळ होता. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. या जीपचा क्लच दाबायचा म्हणजे जिममधल्या लेग प्रेसचा एक सेट. घरात अल्टो आहे. मग ही कशाला? आईला तर शेड रिकामी झाली तर हवीच होती. बाबा काही बोलले नाहीत. आमचे बाबा काही बोलत नाहीत म्हणजे घरात काहीतरी गंभीर चाललंय असं समजायचं.

मी म्हटलं, तीन महिने द्या. हल्ली महिन्यातले दहा दिवस घरून काम करता येतं. शुक्रवारी रात्री पुण्याहून नागपूर, तिथून तीन तासांत चंद्रपूर, आणि शनिवार-रविवार जीपखाली. ऑफिसात सगळ्यांना वाटायचं मी ताडोब्याला वाघ बघायला जातो :)

ज्यांना गाडी म्हणजे क्रेटा एवढंच माहितीय त्यांच्यासाठी थोडं पुराण. महिंद्रा १९४५ ची. तेव्हा नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. १९४७ पासून ते विलीज जीप इथे आणून जोडायला लागले आणि त्याच घराण्यातलं एमएम ५४० हे १९८० च्या दशकातलं अपत्य. इंजिन मात्र फ्रेंच वळणाचं, प्यूजोचं एक्सडीपी ४.९०. या नावात सगळं आलं: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. एकूण २११२ सीसी आणि ताकद ६२ हॉर्सपॉवर. म्हणजे आजची स्विफ्ट हिच्यापेक्षा जोरात आहे. याच खानदानाचं डिझेल इंजिन प्यूजो ५०४ मध्ये बसून आफ्रिकेत शेअर टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षं धावलं. आपल्याकडे ते काम काळी-पिवळीने केलं. विदर्भात ज्याने काळी-पिवळीच्या मागे लटकून प्रवास केलेला नाही त्याला मी पूर्ण वैदर्भीय मानत नाही. असो. सांगायचं कारण असं की काळी-पिवळीमुळेच गोंडपिपरीपासून सिरोंचापर्यंत रस्त्याकडेचा प्रत्येक मिस्त्री या इंजिनाच्या नाडीवर हात ठेवून वाढलेला आहे.

आलापल्लीला बाबांचं ऑइल इंजिन आणि पंपदुरुस्तीचं दुकान होतं. १९९८ मध्ये एका ठेकेदाराकडून त्यांनी ही जीप जुनी घेतली. अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, जिथे पंप बंद पडेल तिथे जायचं. नकाशावर तेव्हाही रस्ते होते, पण जुलै लागला की नकाशाला अर्थ नसायचा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा पूल पाण्याखाली आणि अख्खा तालुका तुटलेला. जीप पंपांसाठी घेतली होती खरी, पण मी लहानपणी तिच्यात पंपांइतकीच माणसंही आडवी झालेली बघितली आहेत. बाळंतिणी, सर्पदंशाचे पेशंट, एकदा झाडावरून पडलेला मुलगा. हेमलकशाला नाही तर अहेरीला.

आता मुद्द्याकडे येतो.

पुण्यात माझे ऑफरोडिंगवाले मित्र आहेत. मी जीप दुरुस्त करतोय म्हटल्यावर त्यांनी एका रात्रीत यादी पाठवली. एकतीस इंची टायर, सस्पेन्शन तीन इंच उचल, विंच, छतावर दिव्यांची पट्टी, पुढे भक्कम गार्ड. यादी वाचून मलाही मोह झाला, खोटं कशाला बोला. पण सवयीप्रमाणे आधी आकडे मांडले. जीपचे मूळचे टायर ६.००-१६, बारीक आणि उंच, व्यास साधारण पावणेएकोणतीस इंच. त्या जागी एकतीस इंची टायर घातला तर व्यास सव्वादोन इंचांनी वाढतो, पण ॲक्सल जमिनीपासून त्याच्या निम्माच वर जातो, म्हणजे जेमतेम सव्वा इंच! आणि त्या सव्वा इंचासाठी काय काय मोजायचं? प्रत्येक गियर आठ टक्क्यांनी लांब होतो, म्हणजे ६२ घोड्यांतले पाच घोडे जणू तबेल्यातच राहिले. ब्रेक तेच जुने ड्रमचे आणि थांबवायचं चाक जड. स्टिअरिंगला पॉवर वगैरे काही नाही, तेव्हा वाढलेला सगळा भार बाबांच्या दंडावर. बरं, रुंद टायर नदीतल्या वाळूत हवा कमी करून चांगला तरंगतो हे मान्य. पण पावसाळ्यातल्या पातळ चिखलात बारीक टायर चिखल कापून खालच्या मुरमापर्यंत पोचतो आणि रुंद टायर वरच्यावर फिरत बसतो. काळ्या मातीत तर त्याची नक्षी भरून गुळगुळीत भाकरी होते.

शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कारखान्याने जशी गाडी मंजूर करून घेतली त्याहून मूलभूत वेगळी ती करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही केरळातल्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. पुढच्या लोखंडी गार्डवर डिसेंबर २०१७ पासून बंदी आहे. रस्त्यावर हे सगळं सर्रास दिसतं ते वेगळं, पण ज्या गाडीला तीन महिन्यांनी तपासणीला उभं राहायचंय तिने कशाला अंगावर घ्या?

तेव्हा ठरलं, नवीन काही लावायचं नाही. जे आहे ते नीट करायचं. घोड्या लावून गाडी उचलली, हेडलँप डोक्याला बांधला आणि खाली सरकलो.

...आणि खाली वेगळंच जग होतं.

मागच्या ॲक्सलवरून एक तांब्याची नळी निघून चासीच्या कडेकडेने वर जात होती आणि ड्रायव्हरच्या सीटमागे छत्रीच्या मुठीसारखी वळून संपत होती. पुढच्या ॲक्सलचीही तशीच. ट्रान्सफर केसखाली ट्रकच्या पाट्याचे दोन तुकडे वेल्ड केलेले. डिझेलच्या लाइनवर कंपनीच्या फिल्टरच्या आधी आणखी एक काचेचा वाडगा, जो मी आयुष्यात फक्त शेतावरच्या इंजिनावर बघितला होता. डॅशबोर्डखाली एक पितळी स्विच, त्याच्या दोन वायरी छताच्या पाइपात शिरून गायब. यातलं काहीही महिंद्राच्या पुस्तकात नाही.

आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. वीस वर्षं जुन्या कोडमध्ये मधेच एक विचित्र ओळ असते, शेजारी कारण लिहिलेलं नसतं, लिहिणारा नोकरी सोडून गेलेला. उत्साही पोरगा ती काढून टाकतो आणि महिनाअखेरीला कोणाचातरी पगार अडकतो. म्हणून मी काही काढण्याआधी विचारायचं असा नियम करतो. इथे तर लिहिणारा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून चहा पीत होता!

"बाबा, ही तांब्याची नळी?"

"ब्रीदरची आहे. तिले हात नको लावू."

मग टप्प्याटप्प्याने समजलं. ॲक्सलच्या डोक्यावर एक छोटी टोपी असते, आतली हवा गरम होऊन फुगली की ती बाहेर पडायला. पन्नास किलोमीटर चालून तापलेला ॲक्सल नदीच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा एकदम आकसते आणि जिथून मिळेल तिथून आत ओढायला बघते. टोपी पाण्याखाली असेल तर पाणीच ओढणार. मग गियरचं तेल दुधाळ होतं, बेअरिंगला गंज चढतो, आणि दोन महिन्यांनी जंगलात कुठेतरी चाक बसतं. उपाय एवढाच की ॲक्सलचं नाक पाण्याच्या वर न्यायचं. बाबांना हे कोणी शिकवलं नव्हतं. २००० च्या पावसाळ्यात सलग दोनदा बेअरिंग गेल्यावर त्यांनी तेल काढून बघितलं, ताकासारखं दिसलं, आणि फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून नळी आणली. खर्च दीडशे रुपये. मित्रांच्या यादीत एवढ्या उपयोगाची एक वस्तू नव्हती.

काचेचा वाडगा दुकानातलाच. आतल्या गावांत डिझेल पंपावर नाही, कॅनमध्ये मिळायचं, आणि त्यात पाणी हमखास. पाणी जड, ते वाडग्यात खाली बसतं आणि काचेतून दिसतं. खालची चावी फिरवली की बाहेर. पाट्याचे तुकडे एका नाल्यातल्या दगडानंतरचे.

पितळी स्विचचं उत्तर यायला दोन शनिवार लागले. आधी "असाच आहे" म्हणाले. मग एकदा संध्याकाळी, पुढच्या चाकाचं काम चालू असताना, स्वतःहूनच सांगितलं. छताच्या पाइपात आतल्या बाजूने दोन बल्ब होते. रात्री त्या बाजूला निघालं की आतला उजेड चालू ठेवायचा. गाडीत कोण बसलंय ते झाडीतल्याला दिसलं पाहिजे, आणि नाक्यावरच्यालाही. काचेत आतल्या उजेडाची चमक येते, समोरचा रस्ता अर्धाच दिसतो, तरी चालवायची. मला एकदम २०१९ चा १ मे आठवला. कुरखेड्याजवळ जांभूळखेड्याला भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा ड्रायव्हर गेला. ती खाजगी गाडी होती. त्या दिवशी मी पुण्यातून घरी चार फोन केले होते आणि बाबा "आपला काय संबंध, आपण तर आता चंद्रपुरात" म्हणाले होते. आलापल्लीची आमची सगळी वर्षं आई रात्री जागी का असायची, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

"आता तो काढून टाक," बाबा म्हणाले. "तपासणीत विचारतील."

कामाचं सांगायचं तर सगळ्यात जास्त वेळ पुढच्या ॲक्सलने खाल्ला. या जीपमध्ये चाकाचा सांधा एका लोखंडी गोळ्यात बंद असतो, वर-खाली किंगपिनची बेअरिंगं, मागे फेल्टचं सील. ग्रीस गळत होतं ते तिथून. सील नागपूरला मिळालं, बेअरिंगं चंद्रपुरातच. खरी गंमत बसवताना. किंगपिनच्या टोपीखाली कागदाएवढ्या पातळ पत्र्याच्या चकत्या घालून सांधा किती घट्ट ठेवायचा ते ठरवायचं असतं. सैल राहिला तर एका खड्ड्यानंतर पुढची चाकं अशी थरथरतात की दात वाजतात. फार घट्ट केला तर स्टिअरिंग वळल्यावर परतच येत नाही. पुस्तकात याचं माप दिलेलं असतं: स्टिअरिंगच्या आर्मला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढायचं आणि सांधा हलू लागतो तेव्हाचं वजन वाचायचं. मी ऑनलाइन काटा शोधत होतो तोवर बाबांनी आईकडून रद्दी तोलायचा काटा मागवला. एक चकती घाल, ओढ, वाच. एक काढ, ओढ, वाच. असं अकरा वेळा. खुर्चीवरून बॅटरीचा झोत धरून बाबा आकडा माझ्याआधी वाचायचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला माणूस! सात वाजले की आई दोघांनाही आत बोलवायची, कारण आमच्याकडे दुर्गापूरच्या बाजूने बिबट येतो आणि खाली झोपलेला माणूस त्याला कसा दिसत असेल यावर तिची ठाम मतं आहेत.

इंजिनावरून मात्र आमचं वाजलं. तुम्हाला वाटेल म्हातारा माणूस मूळ इंजिनासाठी हळवा होईल. उलटं झालं. बाबा म्हणाले, बोलेरोचं डीआय इंजिन टाक, जोर आहे, ॲव्हरेज आहे, पार्ट कुठेही मिळतो. "गाडी काय देव आहे का? जे चालते ते लावावं." धंदेवाईक माणसाचं बरोबर गणित. माझं म्हणणं, आरसी बुकात इंजिनाचा नंबर आहे, प्रकार बदलायचा तर आधी परवानगी, आणि फेब्रुवारी तोंडावर आलाय. दोन दिवस अबोला. शेवटी दोघांनी मिळून जुन्या ओळखीच्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. काळी-पिवळीच्या जमान्यातला माणूस. त्यांनी हात पुसले, बराच वेळ नुसता क्रँक फिरवून ऐकलं आणि म्हणाले, "साहेब, हे इंजन मरत नाही जी. याले डिझेल साफ पायजे अन् हीटर चालू पायजे. कायले बदलवता?"

चारपैकी तीन हीटर प्लग मेलेले होते. थंड इंजिनात डिझेल पेटवायला तेच लागतात, म्हणून गाडी थंडीत धक्क्याशिवाय सुरू होत नव्हती. नोझल तपासून आणले, हेड काढून घासून घेतलं, रिंगा बदलल्या, डिझेल लाइनमधली हवा काढली. १३ जानेवारीच्या दुपारी ती सुरू झाली तेव्हा जो पांढरा धूर निघाला त्याने आमच्या शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे परत धुवावे लागले. बाबांनी कान लावला आणि "तिसऱ्याचा नोझल थोडा टपकतो" एवढंच म्हणाले. डीआयचा विषय त्यांनी सोडलेला नाही, आजही काढतात. एकूण खर्च एक लाख अठ्ठावीस हजार. भंगाराचे पंचेचाळीस आले असते ते वेगळे. ताईने हा आकडा वहीत लिहून ठेवलाय.

पासिंग गडचिरोलीला झालं. नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ ला सहाशेवरून पाच हजार झाली होती, वर पर्यावरण कर. (२०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना तीच दहा हजार झाली, त्या मानाने आम्ही स्वस्तात सुटलो.) जुनं गार्ड आणि स्विच घरी काढून ठेवले होते. नळ्या आणि वाडगा राहू दिला. तपासणाऱ्या साहेबांनी चासीचा नंबर घासून बघितला, ब्रेक मारून बघितला, वाडग्याकडे बोट दाखवून "हे काय?" विचारलं. बाबांनी सांगितलं. साहेब म्हणाले, "आमच्या शेतावरच्या इंजिनाले असाच आहे." पाच वर्षं मिळाली.

मग गाडी घेऊन कुठे जायचं हा प्रश्न होता, कारण एव्हाना तिकडे रस्ते होत होते. १ जानेवारी २०२५ ला अहेरीहून गर्देवाड्याला एसटी सुरू झाली, स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा. बाबांनी ती बातमी पेपरातून कापून ठेवली. त्या गावचा रस्ता त्यांना पाठ, म्हणजे रस्ता नव्हता ते पाठ. त्याच फेब्रुवारीत आम्ही दोघे भामरागडला निघालो. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टीला वैनगंगा ओलांडायची, पुढे आलापल्ली. आष्टीच्या पुढे लोहखनिजाच्या ट्रकांनी दुतर्फा झाडं लाल केलेली. साठच्या वर गाडी न्यायची नाही हा बाबांचा हुकूम. आम्हाला ट्रकही ओव्हरटेक करत होते.

आलापल्लीच्या पुढे साग सुरू झाल्यावर बाबा पहिल्यांदा मोकळं बोलले. इथे पाटा तुटला, इथे रात्र काढली, इथे एका बाईचं बाळंतपण मागच्या सीटवरच झालं आणि तिच्या नवऱ्याने पुढच्या वर्षी मोहाची टोपली भरून आणून दिली. या सगळ्या "इथे"वर आता पूल होते. फोर व्हीलच्या दांड्याला मी हातसुद्धा लावला नव्हता. एका नाल्यावर नव्या पुलाच्या बाजूला जुना रपटा अजून दिसत होता, वरून वीतभर पाणी. बाबा म्हणाले, "खालून घे."

लो गियर टाकून हळूहळू उतरलो. पाण्याची लाट पुढच्या बंपरच्या थोडी पुढे ठेवायची, न थांबता, गियर न बदलता, असं ते सांगत होते आणि मी करत होतो. मध्ये एका खळग्यात पाणी हबपर्यंत आलं. पलीकडे चढल्यावर ब्रेक लागेचना. ड्रम ओले. "पाय हलका ठेवून चालव, वाळतात." दोनशे मीटरमध्ये वाळले. वर पुलावर एसटी थांबवून ड्रायव्हर आमच्याकडे बघत होता. रस्ता असताना ही माणसं खालून का गेली, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं.

परतीला आलापल्लीला एका गॅरेजसमोर चहाला थांबलो. बाबांचं दुकान होतं त्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, तिकडे त्यांनी बघितलं नाही. गॅरेजवाला पोरगा पंचविशीचा, एका जुन्या जिप्सीचा मागचा ॲक्सल उघडून बसलेला. जिप्सी २०१९ मध्ये बाजारातून गेली, त्यामुळे पार्टसाठी तो आधीच वैतागलेला होता. पत्र्याच्या तसराळ्यात काढलेलं तेल चहाच्या रंगाचं. बाबा काठी टेकत गेले, वाकून बघितलं आणि आमच्या जीपकडे बोट दाखवलं. पोरगा उठून आला, सीटमागे डोकावला, खाली झोपला, नळी कुठून कुठे जाते ते बोटाने चाचपत गेला. किती लांबी लागेल, रबराची चालेल का, सगळं विचारलं.

"अडीच मीटर घे," बाबा म्हणाले. "फ्रिजवाल्याकडे मिळते. रबराची ॲक्सलजवळ तापते, तिथे तांब्याचीच ठेव. अन् वरचं तोंड खाली वळव, नाही तर पावसाचं पाणी जाईल."